डाग कोणता आणि कुंकू कोणते: घरातील जुन्या छायाचित्रांची संगणकीय प्रत करताना

आजीचे एकच छायाचित्र आमच्या घरात होते. पोस्टकार्डाएवढे, कृष्णधवल, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. त्यात ती नऊवारी लुगडे नेसून खुर्चीवर बसली आहे, नाकात मोत्यांची नथ आहे आणि कपाळावर रुपयाएवढे कुंकू आहे. काही वर्षांपूर्वी ते ‘नवे करून’ आणण्यासाठी मी एका स्टुडिओत दिले. आठवड्याने हाती आलेल्या प्रतीत चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला होता, नथीतले दोन मोती नाहीसे झाले होते आणि कपाळावरचे कुंकू डाग समजून पुसून टाकले होते. आजी अहेवपणी गेली. वडिलांनी ती प्रत क्षणभर पाहिली आणि काही न बोलता पालथी ठेवली.

मूळ छायाचित्र सुखरूप परत आले होते, म्हणून ते काम पुढे मला स्वतःच्या हाताने पुन्हा करता आले. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या घरांतील पुष्कळ छायाचित्रे माझ्या हाताखालून गेली. हे काम घरच्या घरी, साध्या साधनांनी आणि सवडीने उत्तम करता येते. मात्र त्यातला प्रत्येक निर्णय, समोरच्या कागदावर खरोखर काय आहे हे ओळखल्यावरच घ्यावा लागतो.

हात लावण्यापूर्वी

या कामाला दिवाळीनंतर बसावे आणि होळीपर्यंत ते उरकावे. जुन्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि कृष्णधवल चित्र त्या थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असते. जिलेटिन हवेतली ओल शोषून फुगते, मऊ पडते आणि चिकट होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ती ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की बुरशीला हेच जिलेटिन आयते खाद्य मिळते. त्यामुळे ऐन श्रावणात अल्बमची पाने सोडवायला बसल्यास चित्राचा थर समोरच्या पानाला चिकटून निघून येण्याचे भय असते.

अल्बम उघडल्यावर पहिले काम म्हणजे तो जसा आहे तसा, पान न पान, मोबाइलवर टिपून ठेवणे. काळ्या जाड पानांच्या अल्बममध्ये कागदी कोपऱ्यांत बसवलेली छायाचित्रे, मधले जाळीदार नक्षीचे पातळ कागद, पांढऱ्या शाईत लिहिलेली नावे, कोणाच्या शेजारी कोणाला लावले आहे तो क्रम, ही सगळी माहितीच आहे आणि छायाचित्रे एकदा सुटी झाली की ती पुन्हा जुळत नाही. त्यानंतर एकेक छायाचित्र कोपऱ्यांतून अलगद काढावे. १९७० नंतर घराघरांत आलेल्या चिकट पानांच्या अल्बमचे दुखणे वेगळे आहे. त्यांतील डिंकाच्या रेघा कागदात मुरतात आणि छायाचित्र ओढून काढले तर वाकते किंवा फाटते. अशा वेळी दातांसाठी मिळणारा, मेण नसलेला दोरा दोन्ही हातांत ताणून धरावा आणि छायाचित्राच्या मागून करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवावा. दोरा अडला की तिथेच थांबावे आणि वरचे प्लॅस्टिक उचलून अख्खे पानच स्कॅन करावे.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत व छायाचित्र नेहमी कडांना धरावे. धूळ काढण्यासाठी मऊ केसांचा रुंद ब्रश आणि रबरी फुंकणी एवढेच पुरते. तोंडाने फुंकर घालू नये, कारण थुंकीचा सूक्ष्म थेंबही जिलेटिनवर कायमची खूण सोडतो. ओले फडके, काच पुसण्याचा द्रव, खोडरबर यांतले काहीही लावू नये. हाताने रंगवलेल्या छायाचित्रांना तर पाण्याचा स्पर्शही सोसत नाही. कृष्णधवल छायाचित्रावर ओठ, गाल, लुगड्याचे काठ रंगवून देण्याची पद्धत आपल्याकडच्या स्टुडिओंत दीर्घकाळ होती, आणि ओल्या कापसाने पुसल्यामुळे ओठांचा लाल रंग हनुवटीपर्यंत ओघळलेले एक छायाचित्र मी पाहिले आहे. चिकटपट्टी लावलेली असेल तर ती ओढू नये. बुरशी दिसली तर छायाचित्र कोरड्या, सावलीच्या जागी मोकळे ठेवून आधी पूर्ण वाळू द्यावे. मग नाकातोंडावर मास्क बांधून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने वरवरची बुरशी झटकावी आणि तो ब्रश दुसऱ्या छायाचित्राला लावू नये.

भिंतीवरच्या तसबिरींबाबत अधिक सांभाळावे लागते. चौकटीत छायाचित्र थेट काचेला टेकलेले असते, वर्षानुवर्षांच्या दमट हवेने जिलेटिन काचेला चिकटते आणि तिथे चकचकीत, ओलसर दिसणारे ठिपके उमटतात. मागचा पुठ्ठा काढल्यावर छायाचित्र सहज सुटे झाले नाही तर ते सोडवण्याचा प्रयत्न तिथेच सोडून द्यावा. काचेच्या बाहेरील बाजूवरचे गंध, कुंकू, हाराच्या फुलांचे डाग किंचित ओलसर कापडाने पुसून घ्यावेत, पाणी कडेने आत जाऊ देऊ नये आणि काचेसकट स्कॅन करावे. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलेली छायाचित्रेही अशीच आहेत तशी स्कॅन करावीत, कारण ते आवरण सोलले की चित्रही सोलले जाते. मूळ छायाचित्र फारच मोलाचे असेल आणि काचेला घट्ट बसले असेल तर प्रशिक्षित संवर्धकाकडे जाणे हाच मार्ग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, तेथे चौकशी करता येईल.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या अल्बमची गोष्ट निराळी, कारण तिथे वाट पाहायला वेळ नसतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये असंख्य घरांतले अल्बम पाण्याखाली गेले. ओली छायाचित्रे एकमेकांवर तशीच वाळू दिली तर त्यांची वीट होते. ती स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक सोडवावीत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरावीत. एक-दोन दिवसांत एवढे जमण्यासारखे नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडी थोडी भरून फ्रीझरमध्ये ठेवावीत, म्हणजे पुढे सवडीने वितळवून सोडवता येतात.

कागद वाचणे

स्कॅनर सुरू करण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्र खिडकीपाशी नेऊन, तिरप्या उजेडात, भिंगाखाली पाहावे. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि तो वाया गेला असे कधी वाटले नाही.

कृष्णधवल छायाचित्र तिरके धरल्यावर गडद भागांत, विशेषतः कडांजवळ, निळसर चांदीसारखी झळाळी दिसते. ती धूळ नसते, आणि घासून जाणारही नाही. थरातली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येऊन बसल्याची ती खूण असते. छायाचित्र पिवळे पडून फिकटले असेल तर बहुधा धुताना हायपो (चित्र पक्के करण्यासाठी वापरलेले रसायन) पुरता निघून गेलेला नसतो आणि त्यातले गंधक चांदीला खात राहते. पण प्रत्येक तपकिरी छायाचित्र बिघडलेले नसते. अनेक स्टुडिओ मुद्दाम सेपिया छटा देत असत, त्यात चांदीचे रूपांतर टिकाऊ सल्फाइडमध्ये केलेले असते आणि म्हणून अशी छायाचित्रे आजही ठसठशीत दिसतात. तपकिरीपणा सर्वत्र सारखा आणि गडद भाग भरीव असतील तर ती छटा छायाचित्रकाराने दिलेली समजावी व प्रतीत तशीच राखावी.

आता कुंकवाकडे येतो. जुन्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्तू छायाचित्रात काळी उमटे. कपाळावरचे लालभडक कुंकू म्हणूनच काळ्या ठिपक्यासारखे दिसते, आणि छायाचित्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला किंवा संगणकाला तो डाग वाटतो. भिंगाखाली पाहिले की फरक कळतो. डाग किंवा ओरखडा थराच्या वर बसलेला असतो, त्याला कडा असते, तिरप्या उजेडात तो चमकतो किंवा त्याची सावली पडते. कुंकू थराच्या आत, चित्राचाच भाग म्हणून असते, त्याची कड कपाळाच्या गोलाईबरोबर किंचित मऊ होत जाते. हनुवटीवरचे गोंदण, नथीचे मोती, भुवईवरची जखमेची खूण यांनाही हीच कसोटी लावावी. चेहऱ्यावरचे बारीक खळगे पाहून कागद खराब झाला असे समजू नये. भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे १९७७ मध्ये जाहीर झाले, त्याआधीच्या पिढ्यांतल्या कित्येकांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि ते त्यांच्या चेहऱ्याचा भाग होते.

याच वेळी छायाचित्राची मागची बाजूही पाहावी आणि पुढे तीही स्कॅन करावी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने घातलेला क्रमांक असतो, एखादी ओळ असते. आपल्या पणजोबांच्या पिढीतले कित्येक हात मोडीत लिहिणारे होते, तेव्हा न वाचता येणारी अक्षरे दिसली तर मोडीच्या जाणकाराला दाखवावीत. तारीख पुष्कळदा तिथीत असते. ‘माघ शु. ५, शके १८७३’ असे लिहिलेले असेल तर शकात ७८ मिळवून १९५१ येते, पण माघ महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर येत असल्याने खरे साल १९५२ ठरते. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्यांना असे एक वर्ष वाढवावे लागते, आणि ही चूक फार लोक करतात. छायाचित्राच्या कागदाचे नावही उपयोगी पडते. ‘इंदू’ हे नाव असेल तर ती प्रत १९६० च्या आधीची असू शकत नाही, कारण इंदू फिल्म आणि कागद बनवणाऱ्या, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची स्थापनाच त्या वर्षीची आहे. अर्थात जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रत असेल, तर प्रसंग त्याआधीचा असू शकतो.

स्कॅन करताना

चांगल्या स्थितीतल्या सपाट छायाचित्रासाठी घरचा साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर पुरेसा आहे. ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेतल्यास, ४ × ६ इंचांच्या छायाचित्राची २४०० × ३६०० ठिपक्यांची प्रत मिळते आणि ती दुप्पट मोठी छापली तरी नीट दिसते. अगदी लहान छायाचित्रांसाठी १२०० डीपीआय घ्यावे. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांतून निघालेली, निगेटिव्हएवढ्याच आकाराची सव्वादोन इंची चौकोनी छायाचित्रे आपल्या अल्बममध्ये पुष्कळ असतात आणि त्यांत चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तिथे जास्त ठिपके उपयोगी पडतात. निगेटिव्ह सापडले तर छायाचित्रापेक्षा तेच स्कॅन करावे, त्यासाठी मात्र फिल्मची सोय असलेला स्कॅनर आणि २४०० डीपीआय तरी हवे.

छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करावे. फिकटलेले असेल तर ४८ बिटचा, म्हणजे अधिक बारीक छटा नोंदवणारा, पर्याय निवडावा. ४ × ६ इंची छायाचित्राची टिफ (तपशील न गमावता साठवणारी) फाइल २४ बिटमध्ये सुमारे २६ एमबीची आणि ४८ बिटमध्ये ५२ एमबीची होते, पण नंतर उजळ-गडद करताना आभाळात किंवा भिंतीवर पट्टे उमटत नाहीत. स्कॅनरच्या प्रणालीतील आपोआप धूळ काढणे, रंग सुधारणे, धार देणे असे सर्व पर्याय बंद ठेवावेत. छायाचित्राच्या चारही कडा आणि बाहेरची थोडी जागा प्रतीत येऊ द्यावी. फाटलेल्या छायाचित्राचे तुकडे चिकटवू नयेत. एकाच वेळी, एकाच दिशेने, एकमेकांपासून थोड्या अंतरावर काचेवर मांडून स्कॅन करावेत.

प्रिंटरवर जोडून येणारे बहुतेक स्कॅनर काचेला टेकलेली गोष्टच स्पष्ट पाहू शकतात. पुठ्ठ्यावरचे छायाचित्र बाक आलेले असेल तर मधला भाग अंधुक येतो, आणि झाकण दाबून ते सपाट करू गेल्यास ठिसूळ झालेला पुठ्ठा चटकन मोडतो. अशा छायाचित्रांना, तसेच चमकत्या आणि काचेला चिकटलेल्या छायाचित्रांना कॅमेराच बरा. छायाचित्र टेबलावर ठेवून कॅमेरा त्याला अगदी समांतर बांधावा, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावावेत, फ्लॅश बंद करून दोन सेकंदांच्या टायमरवर टिपावे. फोन वापरत असाल तर मुख्य भिंगच वापरावे आणि चेहरा उजळ करणारे सगळे प्रकार बंद करावेत. १९७० आणि ८० च्या दशकांत रेशमी खडबडीत पोताचा कागद लोकप्रिय होता. स्कॅनरच्या दिव्यात त्याचा प्रत्येक उंचवटा पांढरा ठिपका होऊन चमकतो. असे छायाचित्र एकदा सरळ आणि एकदा पूर्ण उलट फिरवून स्कॅन करावे व दोन्ही प्रती संगणकात एकमेकींवर नेमक्या बसवून वरची ५० टक्के पारदर्शक करावी. पोत बराचसा विरतो.

संगणकावरची दुरुस्ती

स्कॅन केलेली टिफ फाइल ही नवी मूळ प्रत समजावी आणि तिला कधीही हात लावू नये. काम तिच्या प्रतीवर करावे. गिंप हा विनामूल्य प्रोग्राम घरगुती कामाला पुरतो. फोटोशॉप हाताशी असेल तर तेही चालेल. प्रत्येक दुरुस्ती निराळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, करावी, म्हणजे उद्या डोळा ताजा झाल्यावर चूक दिसली तर तेवढीच मागे घेता येते.

आधी छायाचित्र सरळ करावे, मग लेव्हल्समध्ये (उजळ-गडदपणा ठरवणाऱ्या साधनात) काळे आणि पांढरे टोक योग्य जागी आणावे. कृष्णधवल छायाचित्राच्या बाबतीत त्याआधी लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल, म्हणजे चित्रातील त्या त्या रंगाचे थर, वेगवेगळे उघडून पाहावेत. रंगीत स्कॅन करायला सांगितले ते यासाठी. पिवळसर-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक असतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. उलट, चेहऱ्यावर आलेला निळ्या शाईचा शिक्का निळ्या चॅनलमध्ये फिका पडतो. पार पिवळे पडून विरलेले चित्रही निळ्या चॅनलमध्ये अधिक ठसठशीत दिसते. योग्य चॅनल निवडला की ब्रशने करायचे तासाभराचे काम कधीकधी क्षणात होऊन जाते.

रंगीत छायाचित्रे अल्बमच्या अंधारात राहूनही लाल पडतात, कारण १९७० च्या दशकातील पुष्कळ कागदांत निळसर रंगद्रव्य सर्वांत आधी क्षीण होते. प्रत्येक चॅनलची लेव्हल स्वतंत्र लावली तर रंग बऱ्यापैकी सावरतात. खूण म्हणून पांढरी वस्तू शोधतात, पण धोतराला आणि चुन्याच्या भिंतीलाही तेव्हा नीळ दिलेली असे, त्यामुळे ती अगदी निर्विकार पांढरी करण्याचा हट्ट धरू नये. चेहऱ्यांचे आणि केसांचे रंग पटतील तिथे थांबावे.

मग डाग आणि भेगा. १०० टक्के आकारात, डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टा पाहत जावे. आभाळ, भिंत, पडदा यांवर हील साधन (डाग आजूबाजूच्या भागात मिसळून टाकणारे) मोकळेपणाने वापरावे. कपड्यांच्या काठांवर क्लोन (एका जागेची नक्कल दुसरीकडे उतरवणारे) वापरावे, म्हणजे नक्षी जुळवता येते. चेहऱ्यावर मात्र सर्वांत लहान ब्रश घ्यावा, आणि भिंगाखाली जे डाग म्हणून निश्चित झाले असतील तेवढेच काढावेत. शंका आली तर ठेवावे. तुकड्यांत फाटलेल्या छायाचित्राचा प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन आधी जुळवावा, मगच भेग बुजवावी. डोळ्यातून किंवा ओठांतून भेग गेली असेल तर पलीकडचा डोळा उलटा करून बसवण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि घरच्यांना ते लगेच जाणवते. धार देण्याचे काम सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडे करावे.

एका बटणात जुना चेहरा स्वच्छ करून देणारी साधने आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. कागदात नसलेला तपशील ती परत आणू शकत नाहीत. ती दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे आणि दात तिथे बसवतात. प्रत सुंदर होते, पण ती आजी नसते. कृष्णधवल छायाचित्र रंगीत करून देणाऱ्या साधनांनाही लुगडे हिरवे होते की जांभळे, हे ठाऊक नसते. कोणाला अशी प्रत हवीच असेल तर जरूर करावी, पण फाइलच्या नावात ‘काल्पनिक रंग’ असे स्पष्ट लिहावे आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. नाही तर वीस वर्षांनी नातवंडे तीच खरी मानतील.

नावे आणि जपणूक

फाइलला आधी साल, मग प्रसंग, मग गाव अशा क्रमाने नाव द्यावे, म्हणजे ती आपोआप कालानुक्रमे लागतात. लग्नाच्या समूहचित्राची एक साधी छापील प्रत काढावी, प्रत्येक डोक्यावर क्रमांक घालावा आणि तो कागद घेऊन घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापाशी बसावे. आत्याने एकदा अशा कागदावरच्या बावीस जणांपैकी एकोणीस जण नावानिशी सांगितले, आणि विसाव्याजवळ थांबून म्हणाली, “हा आपल्यातला नव्हे, हा बँडवाला.” ती नावे त्याच दिवशी फाइलच्या माहितीत नोंदवावीत. सर्व फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक सुट्या हार्ड डिस्कवर, आणि एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, एरवी चित्र आकसते.

स्कॅन झाले म्हणून मूळ छायाचित्रे टाकू नयेत. ती आम्लरहित कागदी पाकिटांत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि आतल्या भिंतीजवळच्या कपाटात ठेवावीत. माळ्यावर किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून ठेवू नयेत. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात. डांबरगोळ्या आणि पीव्हीसी प्लॅस्टिकचे कप्पे दोन्ही टाळावेत.

भिंतीवर नवी छापील प्रत लावावी आणि चौकट करणाऱ्याला काच व कागद यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची आतली चौकट) घालायला सांगावे. आमच्या घरी आता आजीची तशी प्रत आहे, कुंकू आणि नथीचे सगळे मोती जागच्या जागी असलेली. तिथीला गंध आणि हार तिच्या काचेला लागतात, आणि मूळ छायाचित्र कपाटात कोरडे राहते.